विंडोज १० संपली, जुन्या लॅपटॉपवर आता काय घालायचं?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं. तुम्ही खानापूर भागात शाळेवर आहात, लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, आत अजून जुनीच हार्ड डिस्क, वर विंडोज १०, आणि विंडोज ११ घालायला गेलं की हे मशीन चालणार नाही म्हणतंय. काम म्हणजे पालकांना मराठीत पत्रं, बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसला कन्नडमध्ये, पगाराचं बँक खातं, घरचे फोटो, आणि मुलगी इंजिनिअरिंगला, तिचा अभ्यास पण ह्याच्यावरच. कुणीतरी सांगितलंय की विंडोज सगळं बघत बसतंय, तेव्हा लिनक्स घाला, आणि त्यातही टेल्स घाला म्हणजे कुणाला काही कळणार नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लांबण लागणार आहे. लिनक्स मिंट घाला, त्याच्या आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क बसवा, आणि इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं कुणाला वाचता येणार नाही असं कुलूप लावा. टेल्स घालू नका.

आता का ते. मी बेळगावात वीसेक वर्षं हेच करतोय, मशीन उघडणं, फॉरमॅट मारणं, गेलेला डेटा काढून देणं. प्रायव्हसी म्हटलं की लोक लगेच अमेरिकेतल्या कंपन्यांचं नाव घेतात, ते खोटं नाही, त्याच्यावर येतोच, खरं माझ्या टेबलावर जे आलंय त्यात माणसाचा डेटा बाहेर गेलाय तो बहुतेक वेळा तीन वाटांनी गेलाय. क्रॅक मारलेली, म्हणजे पैसे न देता चालू केलेली विंडोज, कुठनंतरी उतरवलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, आणि कुलूप न लावता रिपेरीला दिलेला नाहीतर विकलेला लॅपटॉप. ऑपरेटिंग सिस्टम निवडताना ह्या तीन वाटा कोण बंद करतंय ते मी आधी बघतो, बाकीचं नंतर.

क्रॅकचं घ्या. ओळखीतला एक डीटीपीवाला आहे, लग्नपत्रिका करतो, तुळशीचं लग्न झालं की त्याला जेवायला वेळ नसतो. नेमकं त्याच दिवसांत सकाळी मशीन चालू केलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलेलं, एक पत्रिका उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल, तीत डॉलरमध्ये पैसे मागितलेले. आदल्या रात्री त्यानं विंडोज फुकट चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर उतरवला होता आणि त्यात लिहिल्याप्रमाणं अँटीव्हायरस बंद करून चालवला होता. बॅकअपची डिस्क होती, खरं ती कायम केबल लावूनच ठेवलेली, त्यामुळं ती पण गेली. माझ्यासमोर बसून तो नुसता माऊस हलवत होता, बोलत नव्हता. ॲक्टिव्हेटर चालवायला ॲडमिनची परवानगी द्यावी लागते, म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देऊन आपण बाहेर जाऊन थांबायचं, तसलं आहे ते. तुमच्या लॅपटॉपवरची विंडोज लॅपटॉपबरोबर आलेली आहे का कुणी नंतर "घालून" दिलेली आहे हे तुम्ही लिहिलं नाही, ते आधी बघा. घालून दिलेली असली तर बाकी काही वाचायच्या आधी बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरनं बदला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, चालू राहतं, म्हणूनच लोक निवांत असतात, खरं नवीन भोकं सापडतात ती बुजवणारे अपडेट येत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं घरगुती लोकांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट द्यायचं जाहीर केलंय, त्याला मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. हा रस्ता थोडे दिवस ढकलायला बरा आहे. ११ ला आठव्या पिढीपासनं पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा सहाव्या पिढीचा. तपासणीला चकवून ११ घालायच्या युक्त्या आहेत, मी करून देत नाही, कारण असल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मग आपण परत तिथंच.

विंडोज "सगळं बघतंय" हे किती खरं? डायग्नॉस्टिक डेटा म्हणून मशीनची माहिती ती पाठवते, त्यात दोन भाग, एक आवश्यक आणि एक ऐच्छिक. ऐच्छिक सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो, आवश्यक भाग विंडोजच्या होम आणि प्रो प्रकारांत पूर्ण बंद करता येत नाही. जाहिरातीसाठी प्रत्येक युजरला एक आयडी असतो, तो बंद होतो. वनड्राइव्हला होय म्हटलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट आणि पिक्चर हे फोल्डर क्लाउडवर जायला लागतात, फुकटची जागा ५ जीबी, ती शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोतच भरून जाते. रिकॉल म्हणून जे गाजलं, दर थोड्या सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारं, ते मे २०२४ मध्ये जाहीर झालं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मागं घेतलं आणि २०२५ मध्ये आपण स्वतः चालू केलं तरच चालेल असं करून परत आणलं. ते फक्त खास चिप असलेल्या नव्या लॅपटॉपवर चालतं, तुमच्या मशीनचा त्याच्याशी संबंध नाही, त्याला भिऊ नका. म्हणजे विंडोज चोर नाही, खरं दार कितपत उघडं ठेवायचं ते पूर्ण तुमच्या हातात पण नाही.

मिंटमध्ये ते तुमच्या हातात येतं. खातं काढा, लॉगिन करा, असं काही नाही, जाहिरात नाही, वापराची माहिती गुपचूप पाठवणं नाही. लिनक्स सगळंच पवित्र आहे असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. उबंटू ह्या दुसऱ्या लिनक्सनं २०१२ च्या १२.१० आवृत्तीत असं केलं होतं की आपल्याच मशीनवर फाइल शोधायला शब्द टाइप केला की तो बाहेर सर्व्हरला जायचा आणि ॲमेझॉनची उत्पादनं दिसायची. लोक चिडले, २०१६ च्या १६.०४ पासनं ते आपोआप चालू असणं बंद झालं. मिंट उबंटूवरच उभं आहे, खरं असल्या गोष्टी काढून देतं. आणि मिंटची स्वतःची वेबसाइट २० फेब्रुवारी २०१६ ला हॅक झाली होती, डाउनलोडच्या लिंकवर घुसखोरी केलेली फाइल ठेवलेली. ती गोष्ट त्यांनी लपवली नाही, लगेच जाहीर केली, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटतो, आणि म्हणूनच सांगतो की फाइल उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा, साइटवरच्याशी जुळवून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

मार्च २०२४ मधली एक गोष्ट तुमच्या मुलीला नक्की सांगा. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरच्या लहानशा तुकड्यात कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमवून चोरदार घातलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड ह्या माणसाला आपलं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं, तो ते सोडून न देता खणत गेला आणि सापडलं. तो काम करतो मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला खणता आलं. मिंटसारख्या जुनं-टिकाऊ सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सिस्टमपर्यंत ते पोचलंच नव्हतं. म्हणून मी घरगुती माणसाला सगळ्यात नवीन, रोज बदलणारं लिनक्स देत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आता टायपिंग, कारण आपल्या भागात माणूस लिनक्सवरनं पळून परत येतो तो इथं. मुंबईपुण्याच्या माणसाला एक मराठी असलं की झालं, आपल्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही एकाच पत्रात लागतात.

ऑफिसचे लोक अजून नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरतात, डीटीपीवाले श्रीलिपी. जुन्या नुडीच्या फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नसतात, मिंटवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोकांना वाटतं फाइल गेली. गेलेली नसते. नुडीचा फॉन्ट मिंटमध्ये घातला की ती वाचता येते, प्रिंट पण निघते. मात्र त्याच जुन्या पद्धतीनं नवीन टाइप करायला नुडीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचं आहे. तुम्ही नवीन पत्र युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ पाठवा, पुढच्या माणसाकडे कुठलाही फॉन्ट असू दे, त्याला बरोबर दिसेल.

कीबोर्डचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही मिंटमध्ये आधीच असतात, काही उतरवायला लागत नाही. एक इनस्क्रिप्ट, भारतीय भाषांसाठीची बटनांची मांडणी. ह्याची गंमत अशी की भारतातल्या लिप्यांना एकाच साच्यात बसवलंय, क इंग्रजी के च्या बटनावर, कीबोर्ड कन्नडवर टाकला की त्याच बटनावर कन्नडचा क. ळ शिफ्ट धरून एन, मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण, आपल्याला तर ळ दोन्हीकडे लागतो. म्हणजे बोटं एकदा शिकली की दोन भाषा शिकली. पंधरा दिवस अवघड जातं, पुढं आयुष्यभर बघायला लागत नाही. दुसरा रस्ता कगप, म्हणजे कन्नड गणक परिषदेचा लेआउट, बटनांची मांडणी, ज्यांची बोटं नुडीवर बसलीत त्यांना हा ओळखीचा वाटतो, आणि मिंटच्या यादीत कन्नड कगप आहे तसं मराठी कगप पण आहे. कन्नडसाठी बनलेल्या लेआउटवर मराठी टाइप करणारी माणसं माझ्याकडे येतात, भरभर टाइप करतात. तुम्ही नुडी वापरत आला असाल तर हाच घ्या.

आणि कुणाला विंडोजवरच राहायचं असेल त्यानं पण ऐकावं, विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासनं मराठी आणि कन्नड दोन्ही फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे कीबोर्ड आतच आहेत. गूगलचं ऑफलाइन इनपुट टूल कंपनीनं कधीच काढून घेतलं, तरी लोक कुठल्या कुठल्या साइटवरनं ते शोधून घालतात. टायपिंगचं सॉफ्टवेअर तुमचं प्रत्येक बटन बघतं, पत्र पण आणि बँकेचा पासवर्ड पण. ते अनोळखी जागेवरनं घ्यायचं नाही म्हणजे नाही.

तिसरी वाट, कुलूप. मागं एक शिक्षिका लॅपटॉप विकायला घेऊन आल्या, म्हणाल्या पासवर्ड आहे, काही काळजी नाही. मी त्यांच्यासमोर खालचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, एका केबलनं माझ्या मशीनला लावली. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. फोल्डर उघडले तसे नवऱ्याचं आधार, सोन्यावरच्या कर्जाच्या पावत्या, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, वर्गातल्या पोरांची पत्ते-फोनसकट यादी. त्या खुर्चीवरनं उठून जवळ आल्या आणि स्क्रीनवर हात ठेवला. तो पासवर्ड दाराच्या पडद्यासारखा असतो, भिंत एन्क्रिप्शननं होते. मिंट घालताना डिस्क कशी वापरायची ते विचारतं, तिथं ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये एन्क्रिप्शनची खूण करायची, पूर्ण डिस्क पुसून घालत असाल तरच हा सोपा रस्ता मिळतो. पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण मशीन चालू होताना तिथं मराठी कीबोर्ड आलेला नसतो. लांब ठेवा, चार-पाच शब्दांचं वाक्य. आणि कागदावर लिहून घराच्या उताऱ्याबरोबर कपाटात ठेवा, कारण तो विसरला तर मी नाही, कुणीच तो डेटा काढून देऊ शकत नाही. अशी माणसं पण आलीत माझ्याकडे, त्यांना नाही म्हणणं फार जड जातं.

विंडोज ११ वर पण एन्क्रिप्शन असतं, बऱ्याच नव्या मशीनवर आपोआप चालू असतं, त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडलेली डिस्क उघडायची आकड्यांची किल्ली, मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ती कुठं आहे ते आजच बघून लिहून ठेवा, मशीन अडल्यावर नव्हे.

टेल्स का नको. टेल्स चांगलंच आहे, पत्रकारांना, ज्यांच्या जिवावर बेततंय त्यांना. पेनड्राइव्हवरनं चालतं, सगळं इंटरनेट टॉरमधनं, म्हणजे आपण कुठनं आलो ते लपवायला जगभरच्या मशीनमधनं फिरवून जातं, बंद केलं की आपण सांगून ठेवलेलं सोडून सगळं विसरतं. त्याच्यावरनं बँकेत लॉगिन केलं की बँकेला तुम्ही एकदम परदेशातनं आल्यासारखं दिसतं आणि खातं अडू शकतं. आणि आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीकडं पावसात रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, त्यात टॉर म्हणजे पान उघडेपर्यंत चहा होतो. आठवडाभरात वैतागून तुम्ही परत जुन्या विंडोजवर याल, आणि ते सगळ्यात वाईट. क्यूब्स नावाचं आणखी एक आहे, प्रत्येक काम वेगळ्या खोलीत बंद करणारं, त्याला ते स्वतःच १६ जीबी रॅम सुचवतात, ते सोडून द्या. मॅक चांगला, पैसे असतील तर घ्या, प्रायव्हसीत विंडोजपेक्षा बरा, खरं १२ नोव्हेंबर २०२० ला ॲपलचे सर्व्हर अडले तेव्हा जगभर लोकांचे मॅक ॲप उघडायला अडखळले, त्यातनं कळलं की ॲप उघडताना मॅक कंपनीकडे विचारणा करत असतो. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स जुन्या मशीनवर हलकं चालतं, फक्त मग सगळं गूगल खात्याभोवती फिरतं. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स पण आहे, आपल्या भाषांसाठीच बनलेलं, खरं अडलं तर मदत करणारी माणसं मिंटला जास्त मिळतात.

शाळेच्या कामाचं विचारलंत. एसएटीएस, यूडायस ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं ब्राउझरमध्येच चालतात, बँक पण. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये चालतं. वर्डच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात, साधी पत्रं नीट, मोठ्या तक्त्यांच्या ओळी कधी कधी सरकतात, भरून पाठवायच्या आधी बघून घ्या. केरळमध्ये सरकारी शाळांत काइट संस्थेनं वर्षानुवर्षं लिनक्सच चालवलंय, शिक्षकांना जमत नाही हे खरं नाही. मुलीला कंप्युटर सायन्स असेल तर तिला हे सोन्याहून पिवळं, सी, पायथन सगळं आत. सिव्हिल-मेकॅनिकल असेल तर ऑटोकॅड मिंटवर चालत नाही, तेव्हा तिच्यासाठी विंडोजचं वेगळं मशीन लागणार, हे आधीच घरी बोलून घ्या.

मी स्वतः होऊन ज्यांना लिनक्स देत नाही ती माणसं अशी: टॅलीवर पूर्ण दिवस बसणारे, कोरल-फोटोशॉपवाले, ग्राम वन हे सरकारी सेवांचं सेंटर चालवणारे ज्यांना अंगठ्याचं मशीन लागतं, डिजिटल सहीचा टोकन घेऊन जीएसटी भरणारे. त्यांनी नवीन मशीन, विकत घेतलेली विंडोज, ऐच्छिक डेटा बंद, वनड्राइव्ह विचार करून, एवढं केलं तरी खूप.

आणि सिस्टम कुठलीही घाला, ब्राउझर तोच ठेवून त्यात गूगल खातं कायम लॉगिन असेल तर अर्धं पाणी तसंच गळत राहतं. मिंटमध्ये फायरफॉक्स असतोच, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घाला. बँकेचा फोन आलाय म्हणून कुणी एनीडेस्क, म्हणजे लांबून आपलं मशीन चालवू देणारं ॲप घालायला सांगितलं तर कुठलीच सिस्टम वाचवत नाही, फोन ठेवायचा.

करायचं असं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मुलीला मिंटच्या सिनॅमन प्रकाराची फाइल उतरवायला सांगा, बेलेना एचर नाहीतर रूफसनं पेनड्राइव्ह बूटेबल करा, म्हणजे त्याच्यावरनं मशीन चालू होईल असा करा, चेकसम आधी. मग इन्स्टॉल न करता नुसतं चालवा. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, आणि सगळ्यात महत्त्वाचं शाळेचा प्रिंटर, काही जुन्या लेसर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर फार छळतो, तो चालत नसेल तर इथंच कळू दे. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं लावून यूएसबी टेदरिंग करा, त्याच्यावर नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधनं वायफायचा ड्रायव्हर मिळतो. एक मराठी पत्र आणि एक कन्नड पत्र टाइप करून प्रिंट काढा. पेनड्राइव्हवर हळू चालतं, त्यावरनं मत बनवू नका, एसएसडीवर वेगळंच असतं.

सगळं जमलं तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन ठिकाणी, आणि घेतल्यावर केबल काढून ठेवा. काढलेली जुनी हार्ड डिस्क फेकू नका आणि कुणाला देऊ नका, महिनाभर तशीच ठेवा, काही राहिलं असेल तर तीतनं मिळेल. महिन्यानंतर ती पुसायची का फोडायची ते मला विचारा, दोन्ही करून देतो, तुमच्यासमोर.